ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर



१९७०च्या आसपास पुण्या-मुंबईचे कितीतरी डॉक्टर आणि इंजिनिअर अमेरिकेला गेले, तिथेच स्थिरावले. त्यांच्यासाठी ती वाट ज्या माणसाने मोकळी केली, त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. ते नाव इमॅन्युएल सेलर.

सेलर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. जन्म १८८८चा, घराणं ज्यू, पेशा वकिलीचा. मार्च १९२३मध्ये ते अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात आले आणि जानेवारी १९७३पर्यंत तिथे होते. प्रतिनिधीगृहाची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. म्हणजे पंचवीस वेळा ते निवडून आले!

ते आले त्याच्या पंधरवडाभर आधी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्याविरुद्ध निकाल दिला होता. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. तरीही भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पुढच्याच वर्षी, १९२४मध्ये, स्थलांतराचा नवा कायदा आला. कोणत्या देशातून किती माणसं घ्यायची, याचा हिशेब १८९०च्या जनगणनेवरून मांडला गेला. इतकी जुनी जनगणना का धरली? इटली, पोलंड, रशियाकडची माणसं मोठ्या संख्येने आली ती त्यानंतर. जुने आकडे धरले की त्यांचा वाटा आपोआप घटत होता. आशियातल्या बहुतेकांना तर दार बंदच झालं. नवख्या सेलर यांनी सभागृहात उभं राहून या विधेयकाला विरोध केला. विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झालं.

अशा पराभवानंतर पुष्कळ राजकारणी दुसरा विषय धरतात. सेलर यांनी तोच धरून ठेवला. १९४६मध्ये, विरोधी पक्षाच्या क्लेअर बूथ लूस यांच्या साथीने, त्यांनी भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळवून दिला. सोबत प्रवेशाचा वार्षिक कोटा आला, तो फक्त १०० जणांचा. अख्ख्या हिंदुस्थानासाठी शंभर! पण त्याच हक्काच्या बळावर पंजाबचे दलिपसिंग सौंद अमेरिकन नागरिक झाले आणि १९५६मध्ये प्रतिनिधीगृहावर निवडून आले.

१९४९पासून, मधली दोन वर्षं सोडली तर, सेलर तिथल्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. कृष्णवर्णीयांना समान वागणूक देणारा १९६४चा नागरी हक्क कायदा प्रतिनिधीगृहात त्यांनीच मांडला. आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, अध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्या कायद्याला सिनेटर हार्ट यांच्याबरोबर सेलर यांचं नाव आहे. वंश आणि मूळ देश पाहून ठरवलेले कोटे त्याने मोडीत काढले. तिथे आधीपासून असलेले नातेवाईक आणि अंगचं कौशल्य यांना प्राधान्य मिळालं. १९२४ ते १९६५, ४१ वर्षं! इतका काळ एकाच अन्यायाशी झुंजणारा लोकप्रतिनिधी मला फार मोठा वाटतो.

म्हणूनच त्यांची दुसरी बाजू मला खुपते. स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या समितीत अडवून ठेवली. शेवटी १९७०मध्ये मार्था ग्रिफिथ्स यांनी निम्म्याहून अधिक सदस्यांच्या सह्या गोळा करून ती समितीबाहेर काढली. वंशावरून होणारा भेद ज्यांना इतका बोचला, त्यांना स्त्रियांचं म्हणणं मात्र ऐकू आलं नाही. पन्नास वर्षं एका जागी बसल्याचाही तो परिणाम असावा.

१९७२मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत तिशीच्या एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी त्यांना सुमारे सहाशे मतांनी हरवलं. स्त्रियांच्या हक्कांना सेलर यांनी केलेला विरोध हा होल्ट्झमन यांच्या प्रचारातला एक मुद्दा होता. मतदारांनी केलं ते योग्यच केलं, असं मला वाटतं. होल्ट्झमन पुढे त्याच न्यायविषयक समितीवर गेल्या आणि १९७४मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्यावरच्या महाभियोगाच्या कामकाजात सहभागी झाल्या. सेलर १९८१मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, ब्रुकलिनमध्येच वारले.