वेबसाइटचा मजकूर राहतो कुठे?

बुलढाणा जिल्हा प्रशासनाची वेबसाइट मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत चालते. तिच्यावर भरतीची जाहिरात किंवा निविदा चढवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सरकारी कार्यालयांसाठी ‘एसथ्रीवास’ नावाची तयार चौकट केली आहे. ही वेबसाइट तिच्यावरच उभी आहे. लॉगिन करायचे, मजकूर टाकायचा, फाइल जोडायची. अशा व्यवस्थेला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात सीएमएस म्हणतात.

पूर्वी प्रत्येक पान एचटीएमएलमध्ये हाताने लिहीत. कार्यालयाचा फोन नंबर बदलला, की तो जितक्या पानांवर असेल तितकी पाने उघडून दुरुस्त करायची. एखादे हमखास राहून जाई. सीएमएसने मजकूर आणि रूप यांची फारकत केली. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, रंग आणि मांडणी थीममध्ये. वाचकाने पान मागितले, की दोन्ही जुळवून ते पुढे येते. लग्नपत्रिकेच्या छापखान्यातही साचा तोच असतो, नावे तेवढी बदलतात.

ड्रुपल आणि जूमला या अशाच प्रणाली. पण सर्वाधिक पसरली ती मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 मध्ये आणलेली वर्डप्रेस. जगातल्या 40 टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावर चालतात. ती फुकट मिळते. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मात्र दरवर्षी मोजावे लागतात. जादा सोयींसाठी तिला प्लगइन नावाची जोड-सॉफ्टवेअर लावतात; पण अपडेट न केलेले प्लगइन म्हणजे कडी न लावलेले मागचे दार.

मराठीपुरती एक अडचण वेगळीच आहे. वर्डप्रेस मथळ्यावरूनच पानाचा पत्ता बनवते. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की उकार, नऊ रोमन चिन्हांत साठवले जाते. नुसत्या ‘बुलढाणा’ला 63 चिन्हे लागतात आणि मर्यादा आहे 200 ची. ‘लोणार सरोवराला रामसर दर्जा’ हा मथळा 210 वर जातो; पत्ता ‘दर्’वरच तुटतो. व्हॉट्सॲपवर पाठवला, तर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसू शकते. उपाय सोपा आहे: मथळा मराठीतच ठेवावा आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी पत्त्याच्या चौकटीत दोन-तीन रोमन शब्द हाताने टाकावेत.