विरजणापुरतं राखा

औषधांच्या काउंटरमागे माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आज बोलणार तेही काउंटरवरूनच. एडीएचडीबद्दल डॉक्टर बोलतील; मी फक्त गोळी संपण्याबद्दल बोलते.

दह्याचं भांडं आपण कधी पुसून संपवत नाही. विरजणापुरतं चमचाभर ठेवतोच. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या गोळीचं भांडं मात्र तळापर्यंत खरवडतो, आणि रात्री नऊला जुनी चिठ्ठी घेऊन दुकानात येतो. मी ‘नाही’ म्हणते, तुम्ही रागावता.

रागावू नका. हे औषध शेड्यूल एक्समधलं. ते विकायला वेगळा परवाना लागतो, तो प्रत्येक दुकानाकडे नसतो. असतो तिथे माल कुलपात. चिठ्ठी दोन प्रतींत हवी. एक आम्ही दोन वर्षं जपतो. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल, तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देता येत नाही. नाव, पत्ता, तारीख, डोस आणि एकूण गोळ्या किती, हे सगळं तिच्यावर हवं. तो एक आकडा राहिला म्हणून 40 किलोमीटरवरून आलेली माणसं परत गेलेली मी पाहिलीत. तेव्हा डॉक्टरांसमोरून उठण्याआधी चिठ्ठी वाचा, आणि औषध कुठल्या दुकानात मिळेल तेही तिथेच विचारा.

व्हिडिओवरून हे औषध लिहून देता येत नाही. 2020 च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत तशी मनाई आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोला, जवळचे मनोविकारतज्ज्ञ कुठे ते विचारा. गोळीसाठी मात्र पायपीट आहेच. समुपदेशकांकडे चिठ्ठी मागू नका, त्यांना ती लिहिता येत नाही.

आणि हो, विरजण शेजारून वाटीभर आणता येतं, ही गोळी नाही. भाच्याच्या पट्टीतल्या दोन उसन्या घेतल्या, असं एका आईने मला हसत सांगितलं. मी हसले नाही.

म्हणून सांगते, सात गोळ्या उरल्या की डॉक्टरांकडे निघा. विसरणं हाच ज्याचा त्रास, त्यालाच तारीख लक्षात ठेवायला लावायची, हा कुठला न्याय? कालनिर्णयावर खूण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावी. चाळिशीत निदान झालेले तर काउंटरवर नाव सांगायलाही लाजतात, त्यांच्याबद्दल खरं तर... पण वेळ संपत आली. एडीएचडीच्याच ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचे नियम निराळे, ते राहिलेच.

रेडिओ बंद केलात की आधी उठा आणि गोळ्या मोजा. सातच्या खाली असतील, तर उद्या सकाळीच डॉक्टरांकडे फोन लावा.