सवलतीचा हिशेब
(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांचे फोन आले. "अहो, आपल्याकडे शिक्षण, पर्यावरण, जातिअंत असे विषय होतात आणि तुम्ही कॉम्प्युटर गेम्सच्या सेलवर काय बोलणार?" शंका रास्त आहे. पण आपल्या घरांतली मुले हे खेळ खेळतात, पैसे आपल्या कार्डावरून जातात, आणि आमच्यासारखे काही पन्नाशीचे लोकही चोरून खेळतात. तेव्हा जिथे आपला पैसा आणि वेळ जातो, तिथे थोडा विचारही जायला हरकत नसावी.

आधी कबुली देतो. गेल्या डिसेंबरात मी माझ्या खात्यातले खेळ मोजले. २१२ निघाले. त्यातले १३१ मी एकदाही उघडलेले नाहीत. जवळजवळ सगळे सेलमध्ये घेतलेले, कुठला तीन डॉलरचा, कुठला सहा डॉलरचा. एकही महाग नव्हता. न उघडलेल्या खेळांची बेरीज मात्र सातशे डॉलरच्या वर गेली. म्हणजे मी जे 'वाचवले' असे समजत होतो, ते सगळे खर्चच झाले होते.

मला माझी आई आठवली. ती मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. १९७५ साली सुरू झालेल्या या चळवळीची पद्धत आपल्यापैकी मुंबईकरांना माहीत असेल. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांची खरेदी एकत्र व्हायची, सामान संघातल्या एखादीच्या घरी यायचे आणि बायका मिळून वाटप करायच्या. भाव कमी पडायचा, पण यादी आधी आणि भाव नंतर. मी दुकानात काही स्वस्त दिसले म्हणून हट्ट केला, की आई म्हणायची, "स्वस्त आहे ते दिसतंय मला. लागतंय का ते सांग." सेलचे सगळे तंत्र हा प्रश्न आपल्याला पडू नये यासाठीच असते.

हे तंत्र जरा पाहू. व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम २००३ साली सुरू झाले. आज तिथे दर ऋतूला एक असे वर्षाला चार मोठे सेल असतात. पूर्वी त्यात काही तासांपुरत्या सवलती असायच्या, त्यामुळे लोक रात्री गजर लावून उठत. २०१५ च्या अखेरीपासून तो प्रकार बंद झाला. आता सेलच्या पहिल्या दिवशी जो भाव, तोच साधारणपणे शेवटच्या दिवशी असतो. म्हणजे घाई करण्याचे कारणच उरलेले नाही. तरी आपण पहिल्या तासात कार्ड काढतो!

दुसरी गोष्ट, ७५ टक्के सूट हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. स्टीमडीबी किंवा इज देअर एनी डील यांसारख्या ठिकाणी खेळाच्या भावाचा इतिहास दिसतो. तोच खेळ गेल्या हिवाळ्यात याच भावाला होता असे दिसले, की 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही धडधड थांबते. तो पुढेही बहुधा त्या भावाला येईलच.

तिसरी गोष्ट परताव्याची. २०१५ च्या जूनपासून स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मिळतात. ही सोय चांगली आहे, पण 'सावकाश खेळू' म्हणून घेऊन ठेवणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. पंधराव्या दिवशी ती संपते. म्हणून मी आता नियम केला आहे. ज्या दिवशी खेळायला बसणार, त्याच दिवशी विकत घ्यायचे.

आणि 'विकत घ्यायचे' हा शब्द तरी खरा आहे का? आपल्याला मिळतो तो फक्त वापराचा परवाना. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे भाग पडले आहे. २०१४ साली आलेला 'द क्रू' हा मोटारींचा खेळ घ्या. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो एकट्याने सुद्धा खेळता येईना. त्यावरूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली. २००८ साली सुरू झालेल्या जीओजीवर खेळाची फाइल कुलूप न लावता उतरवून स्वतःजवळ ठेवता येते. दोन डॉलर जास्त पडले तरी मला तो सौदा बरा वाटतो.

आता जरा अडचणीचा मुद्दा. स्टीमवर २०१५ पासून भारतात रुपयांत भाव आहेत, आणि बरेच खेळ तिथे इथल्यापेक्षा खूप स्वस्त असतात. पुण्यात माझा भाचा आहे. मी त्याला म्हटले, "तुझ्या नावावर घे, मी पैसे पाठवतो." दुकानाच्या नियमात ते बसत नाही, ही गोष्ट वेगळी. पण भाचा म्हणाला, "मामा, तो भाव माझ्या पगाराकडे बघून ठेवलाय, तुझ्या नाही." मी गप्प झालो. इथे डॉलरमध्ये कमवायचे आणि रुपयांच्या सवलतीवर हात मारायचा! असे करणारे वाढले, की ती सवलतच जाते आणि भुर्दंड भाच्यासारख्यांना पडतो.

खेळ करणाऱ्यांचाही विचार करा. २० डॉलरचा खेळ पाचला विकला, तर दुकानाचे नेहमीचे ३० टक्के जाऊन करणाऱ्यांकडे साडेतीन डॉलर येतात, करांच्या आधी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ आणला. अशा छोट्या गटांसाठी सेल हा ओळख होण्याचा मार्ग असतो हे खरे, पण जो खेळ खरेच खेळायचा आहे तो कधीतरी पूर्ण भावाने घ्यायला आपल्याला काय अवघड आहे?

शेवटी एक घरची गोष्ट. त्या १३१ मध्ये एक खेळ दोघांनी शेजारी बसून खेळायचा होता. मुलगा दहावीत असताना घेतला, ८० टक्के सूट होती. तेव्हा मला कामातून सवड नव्हती, मग त्याला अभ्यासातून नव्हती. आता तो कॉलेजला दुसऱ्या राज्यात आहे. या नाताळात तो चार दिवस आला, तेव्हा आम्ही तो उघडला. दोन संध्याकाळी खेळलो, तोच जिंकला. खेळ चार डॉलरचा होता. मधली तीन वर्षे कुठल्याही सेलमध्ये परत मिळत नाहीत.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. आधी यादी करा, ती छोटी ठेवा, आणि भाव पाहण्याआधी कोणाबरोबर आणि कधी खेळणार ते लिहा. तो रकाना रिकामा राहिला, तर खेळ कितीही स्वस्त असो, महागच आहे.

आपले अनुभव, आणि अर्थातच मतभेद, ऐकायला आवडतील.