रुबेलाची लस आणि समाजाचे दायित्व



अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने रोगराईवर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परंतु रुबेलावरची लस वैद्यकशास्त्राने केव्हाच सिद्ध केली आहे. उरला आहे तो वाटपाचा प्रश्न, आणि तो आमच्या शास्त्राच्या कक्षेत येतो.

रुबेला म्हणजे थोडा ताप आणि अंगावर पुरळ. मुले चार दिवसांत खेळू लागतात. कित्येकांना तर तो होऊन गेल्याचे कळतही नाही. परंतु गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत हा विषाणू मातेच्या शरीरात शिरला, तर गर्भपात होण्याचा किंवा मूल मोतीबिंदू, हृदयदोष, बहिरेपण घेऊन जन्माला येण्याचा मोठा धोका असतो. 1941 साली सिडनीचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या 78 बालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील बहुतेकांच्या मातांना गर्भारपणाच्या आरंभी हा रोग झाला होता. 1969 साली अमेरिकेत लसीला परवानगी मिळाली.

ही लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असल्याने गर्भवतीला देत नाहीत. म्हणजे जिला संरक्षणाची निकड सर्वांत अधिक, तिला ते ऐनवेळी विकत घेता येत नाही. गाठीशी पैसा असला तरीही नाही. एक तर तिने ती पूर्वीच घेतलेली असावी, नाहीतर शेजारच्या मुलांनी आणि घरातल्या पुरुषांनी घेतलेली असावी.

ज्याची ऐपत असेल त्याने लस विकत घ्यावी, असे बाजाराचे तत्त्व आहे. येथे त्या तत्त्वाचा परिणाम विपरीत होऊ शकतो. निम्म्याच मुलांना लस मिळाली की विषाणूचा फैलाव मंदावतो. उरलेल्या मुलींना बालपणी रोग होत नाही आणि लसही मिळालेली नसते. त्या प्रतिकारशक्तीविना वयात येतात. पुढे साथ आली की ती त्यांना नेमकी गर्भारपणात गाठते. ग्रीसमध्ये असेच घडले. तेथे 1975 च्या सुमारास लसीकरण सुरू झाले, पण ते सर्वांपर्यंत नेण्याचे धोरण नव्हते. 1980 च्या दशकात प्रमाण 50 टक्क्यांखालीच राहिले. 1993 साली साथ आली आणि तिच्यामागोमाग जन्मजात रुबेला झालेली 25 बालके निश्चितपणे नोंदली गेली.

जपानने दुसरी चूक केली. तेथे 1977 पासून बरीच वर्षे केवळ शाळकरी मुलींना लस दिली गेली. 2013 च्या साथीत 14 हजारांवर रुग्ण झाले. त्यांत बहुसंख्य प्रौढ पुरुष होते. 2012 ते 2014 या काळात 45 बालके जन्मजात रुबेला घेऊन आली. गर्भाचे रक्षण हे केवळ स्त्रियांचे काम मानल्याची ही किंमत होती.

आपल्याकडे ही लस खासगी दवाखान्यांत कित्येक वर्षे पैसे मोजून मिळत होती. राष्ट्रीय कार्यक्रमात ती आली 2017 मध्ये. गोवा, कर्नाटक, तामिळनाडू येथे मोहीम प्रथम झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाली आणि 9 महिने ते 15 वर्षांखालील मुलांना लस मोफत देण्यात आली. 1969 ते 2017 या 48 वर्षांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात सापडणार नाही. तो बहिऱ्या मुलांच्या आईबापांनी भरला आहे.

आज गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांत सरकारी केंद्रांत मोफत मिळते. तरीही ऊसतोडीच्या फडावर, वीटभट्टीवर, आज एका गावात तर उद्या दुसऱ्या गावात असणाऱ्या कुटुंबांतील मूल यादीतून सहज निसटते. साथींनो, आपले काम तेथे आहे. वस्तीवर नव्याने आलेल्या मुलांची नावे आशा सेविकेकडे पोहोचवा. दुसरी मात्रा झाली की नाही, ते कार्ड पाहून विचारा. लग्न ठरलेल्या मुलीला लसीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा. लस घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. अफवेने बिचकलेल्या आईवर दरडावू नका, तिच्या शंका ऐकून घ्या आणि तिला समजेल अशी उत्तरे द्या.

एका मुलाची लस चुकली, तर तिचे मोल कदाचित शेजारच्या घरात अजून न जन्मलेले मूल मोजील. म्हणून ही जबाबदारी एकट्या आईवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही.