परतल्यानंतरचे दिवस
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण आम्हा उभयतांना पुन्हा एकवार जमशेदपुरास बोलावलेत, याबद्दल प्रथम मनःपूर्वक आभार. मंडळाच्या पन्नास वर्षांपैकी पस्तीस वर्षे, म्हणजे १९७९ पासून २०१४ पर्यंत, आम्ही येथले सभासद होतो. त्यानंतरची अकरा वर्षे आम्ही साताऱ्यास आहोत. या अकरा वर्षांत येथून आलेल्या प्रत्येक दूरध्वनीवर एक प्रश्न हमखास असे : ‘तिकडे करमते का?’ विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहलापेक्षा काळजी अधिक असते, हे आम्ही जाणतो. निवृत्ती दोन-चार वर्षांवर आलेल्या घरात हा प्रश्न रोज जेवणाच्या पानाशी येऊन बसतो. क्वार्टर सोडावयाचे आहे, मुले बंगळूरला किंवा परदेशी आहेत, मग बिऱ्हाड हलवावयाचे कोठे? आज त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या अनुभवापुरते द्यावे, असे योजले आहे.

येथे आमची मैत्री कशी जमली, हे आधी आठवून पाहू. १९७७ साली सुरू झालेल्या गीतांजली एक्स्प्रेसने टाटानगरला उतरणाऱ्या कित्येक नव्या जोडप्यांसारखे आम्हीही दोन ट्रंका आणि एक वळकटी घेऊन उतरलो. फलाटावर कोणी मराठीत बोलताना ऐकू आले की ओळख झालीच म्हणून समजावे. गाव कोणते, जात कोणती, हुद्दा कोणता, हे प्रश्न मागाहून येत. कित्येकदा येतच नसत. सातारचा, नागपूरचा, बेळगावचा आणि गोव्याचा माणूस गणेशोत्सवाच्या नाटकात एकाच पडद्यामागे तोंडाला रंग लावून बसे. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या सामानात गोडा मसाला, आमसुले आणि दिवाळी अंक असत, ते पंधरा घरांत वाटले जात. केवळ भाषा एक असणे एवढ्या भांडवलावर येथे जन्माचे सोबती मिळाले.

साताऱ्यास गेल्यावर हे भांडवल एका दिवसात निरुपयोगी झाले. तेथे सारेच मराठी बोलतात! भाजीवाली मराठी, रिक्षावाला मराठी, भांडणही मराठीतच. मराठीपणाचे अप्रूप कोणास वाटणार? उलट आमच्या बोलण्यातला ‘अच्छा’ आणि ‘ठीक है’ ऐकून आळीने आमचे नाव ‘बिहारवाले’ असे ठेवले. झारखंड राज्य २००० सालीच वेगळे झाले, हे आम्ही दोन-चार वेळा समजावून सांगितले. पुढे तो नाद सोडला. येथे पस्तीस वर्षे आम्ही ‘महाराष्ट्रवाले’ होतो आणि महाराष्ट्रात पाऊल ठेवताच ‘बिहारवाले’ झालो. ज्यांना परतावयाचे आहे त्यांनी या नामकरणाची तयारी ठेवावी. त्यात दुष्टावा नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

जुने मित्र होतेच की, असे आपण म्हणाल. होते. काही वारले होते, काही मुलांपाशी पुण्या-मुंबईस गेले होते. जे गावात होते त्यांनी प्रेमाने मिठी मारली, चहा पाजला आणि ‘या की कधी घरी’ म्हणून निरोप दिला. त्यांची पस्तीस वर्षे आमच्यावाचून गेली होती. त्यांच्या बैठकीत एखादा अर्धाच शब्द बोले आणि बाकीचे खळखळून हसत. तो शब्द ज्या प्रसंगातून आला तो आमच्या माघारी घडलेला. बालमैत्री जिवंत होती, पण तिच्यावर आजच्या दिवसाचे काही उभे नव्हते.

दिवसही अंगावर येत असे. आम्हा दोघांपैकी एकाचे आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर गेले, दुसरीचे शाळेच्या घंटेवर. सकाळी चारला जाग यावी आणि कोणतीच पाळी नसावी! पहिल्या दिवाळीस नेहमीच्या सवयीने फराळ भरपूर झाला. येथे आमच्या चकलीची वाट शेजारचे बंगाली, ओडिया आणि बिहारी कुटुंब पाहत असे. बावीस घरी ताटे जात. साताऱ्यात प्रत्येक घरी चकली होतीच, आणि बहुधा आमच्याहून खुसखुशीत. चार ताटे गेली, चार ताटे तशीच भरून परत आली. उरलेला डबा पाहून त्या रात्री आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. मुलीकडे कायमचे जावे काय, हा विषय त्याच आठवड्यात प्रथम निघाला.

त्या डब्याचे उत्तर पुढच्या वर्षी सापडले, तेही येथल्याच शिदोरीत. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते. येथल्या शेजारणीने निरोपादाखल दिलेला लाकडी साचा ट्रंकेत होता. कणीक, गूळ, तूप, खोबऱ्याचे काप आणि बडीशेप घालून आम्ही ठेकुआ केला, साच्यावर दाबून नक्षी उठवली, तळला आणि आळीत वाटला. दुसऱ्या दिवशी दोघी जणी साचा पाहावयास आल्या. तिसरीने कृती लिहून नेली. चौथीने विचारले, ‘काकू, तिकडे अजून काय काय करतात?’ त्या प्रश्नापासून आमच्या घरी माणसे येऊ लागली. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्या ओसरीवर दहा-बारा जणी जमतात. कधी पोस्तो होतो, कधी लिट्टी, कधी त्यांच्या आजीच्या हातचे विसरलेले मेतकूट. ज्या दूरपणाची आम्हांस भीती होती, त्यानेच दार उघडले.

पुरुषमाणसांची मैत्री अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर जमली. रोज पहाटे किल्ला चढणारे साताऱ्यात पुष्कळ आहेत. पहिले तीन महिने नुसता नमस्कार, मग वळणावरचा विसावा, मग खाली उतरल्यावरचा चहा. आमच्या टोळीत एस. टी.चे निवृत्त चालक आहेत, एक माध्यमिक शिक्षक आहेत, एक फुलविक्रेते आहेत. तेथे कोणी कोणास पूर्वीचा हुद्दा विचारीत नाही. तेच घड्याळ, तीच वाट आणि रोजची हजेरी, एवढ्यावर ही मैत्री उभी आहे. एखादा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात सारे उभे. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी आजारपण आले, तेव्हा रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या या मंडळींनी लावल्या. अगदी येथल्या ए, बी, सी शिफ्टप्रमाणे!

शिक्षक मित्रांमुळे आम्हांस उतारवयात एक छंदही लाभला. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांसह २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर. पावसाळ्याच्या अखेरीस त्यातून तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, कवला अशी फुले उमलतात. कित्येक फुले इतकी चिमुकली की गुडघे टेकून भिंगातून पाहावी लागतात. आम्ही वही ठेवली आहे : तारीख, पाऊस, फूल, जागा. जमशेदपुरात डेलिया आणि शेवंतीच्या कुंड्या पुष्पप्रदर्शनास मांडणाऱ्या हातांना न लावता उगवलेल्या फुलांपुढे स्वस्थ बसण्यास शिकावे लागले. तेथे टोपली कारवी नावाचे एक झुडूप आहे. ते सात वर्षांनी एकदा बहरते. सत्तरीच्या माणसाने सात वर्षांनंतरच्या बहराची तारीख वहीत मांडून ठेवावी, याहून चांगले औषध आम्हांस ठाऊक नाही.

आता थोडे व्यवहाराचे. परतण्याचा विचार करणाऱ्यांनी घर घेण्यापूर्वी त्या गावी निरनिराळ्या ऋतूंत महिना-महिना राहून पाहावे. मे महिन्याच्या सुट्टीतले गाव आणि जुलैच्या पावसातले गाव ही दोन वेगळी गावे असतात. पाय चालते आहेत तोवर जावे, कारण ओळखी चालण्यातून होतात. पतिपत्नींनी आपापला स्वतंत्र व्यासंग निवृत्तीपूर्वीच जोपासावा. एकाच्या मित्रांवर दुसऱ्याने दिवस काढणे जड जाते. पहिले वर्ष गावाचे ऐकावे. ‘आमच्या टाटानगरात असे नव्हते’ हे वाक्य ट्रंकेतच ठेवावे. त्याचबरोबर येथले काही निश्चित न्यावे. साचा न्यावा, गाणे न्यावे, भाषा न्यावी.

आणि ज्यांना जावयाचे नाही, त्यांनी मनास खंत लावून घेऊ नये. ज्या आळीत आपल्या आजारपणात कोणी रात्र जागते, ती आळी आपले घर. ती सुवर्णरेखेकाठी असेल तर सुवर्णरेखेकाठी राहावे. मंडळास मात्र एक विनंती आहे. निरोपसमारंभात शालश्रीफळ देऊन आपण सभासदाचे नाव वहीतून कमी करता, ते करू नये. परतलेल्यांची वेगळी यादी ठेवावी, आणि नव्याने परतणाऱ्यास त्या त्या गावच्या जुन्या सभासदाचा पत्ता द्यावा. पहिल्या दिवाळीस निदान एक ताट तरी ओळखीच्या दारी जाईल.

येथे दोमुहानीवर सुवर्णरेखा आणि खरकाई भेटतात. तेथे संगम माहुलीस कृष्णा आणि वेण्णा. एक उगम रांचीजवळ, दुसरा महाबळेश्वरी; पुढे सुवर्णरेखा आणि कृष्णा दोघीही बंगालच्या उपसागरासच मिळतात. नकाशावर हे पाहिले की दोन गावांमधले अंतर आम्हांस थोडे कमी वाटते. भाद्रपदात केव्हाही साताऱ्यास या. पहाटे किल्ला, दुपारी कास आणि रात्री ओसरीवर लिट्टी, एवढा बेत आमच्याकडे लागला.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या हार्दिक शुभेच्छा.