डोळ्यातली गाठ : आकार, अवस्था आणि नजर
(हळ्ळीखेड (बी) येथील गणेशोत्सवात दिलेले आरोग्यविषयक व्याख्यान)



घरात मराठी, बाजारात कन्नड आणि हैदराबादच्या दवाखान्यात हिंदी, असा आपला रिवाज. 1956 साली राज्य बदललं, पण मोठा आजार आला की आपले पाय अजून हैदराबादकडेच वळतात. डोळ्यांसाठी तिथं 1987 पासून एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आहे. अशा ठिकाणी ‘डोळ्यात मेलानोमा आहे’ असं कळलं, तर डोळा ठेवायचा की काढायचा, हे घरच्यांना ठरवावं लागतं. आजार आपल्याकडे विरळ आहे. पण ज्याच्या घरी येतो, त्याला तीन गोष्टी समजायला हव्यात.

पहिली, आकार. अंगावर तीळ असतो तसा डोळ्याच्या पडद्यामागच्या थरातही असू शकतो. बहुतेक तीळ निरुपद्रवी असतात. क्वचित तिथल्या रंगपेशींची गाठ होते. डॉक्टर बाहुलीत थेंब घालून ती पाहतात आणि सोनोग्राफीनं तिची उंची व बुडाची रुंदी मोजतात. या तपासणीला कापाकापी लागत नाही. अमेरिका-कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात उंची साधारण 2.5 ते 10 मिलिमीटर आणि रुंदी 16 पर्यंत असेल तर गाठ मध्यम, त्याहून मोठी ती मोठी, असं धरलं होतं.

दुसरी, अवस्था. गाठ डोळ्यातच आहे की बाहेर गेली? हा आजार पसरला तर बहुधा यकृतात जातो. म्हणून डॉक्टर पोटाची तपासणी सांगतात, तेव्हा ‘दुखणं डोळ्याचं आणि तपासणी पोटाची?’ म्हणून ती टाळू नये. उपचारानंतरही ती वर्षानुवर्षं करावी लागते.

तिसरी, नजर. 6/60 म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारं अक्षर रुग्णाला 6 मीटरवरून दिसतं. आपल्याकडे कुणी उर्दू शिकलेलं, कुणी कन्नड, कुणी मराठी. वाचता येईल त्या लिपीचा तक्ता मागावा. अक्षरओळख नसेल तर इंग्रजी ‘ई’चे पाय कुठल्या बाजूला आहेत, हे हातानं दाखवता येतं.

मग डोळा काढावा का? त्याच अभ्यासात मध्यम गाठीच्या 1,317 रुग्णांपैकी निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांच्या डोळ्याला काही दिवस किरणोत्सारी चकती लावली. 12 वर्षांनंतरही दोन्ही गटांतील मृत्यूंचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. मात्र चकती लावलेल्यांपैकी 43 टक्क्यांची नजर 3 वर्षांत 6/60 किंवा त्याहून खाली गेली. म्हणजे डोळा वाचला तरी नजर वाचेलच असं नाही. गाठ नजरेच्या मध्यबिंदूपासून किती दूर आहे, हे जरूर विचारावं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं अणुकचऱ्यातून रुथेनियम-106 वेगळं करून अशी चकती देशातच तयार केली आहे. गाठ फार मोठी असेल, तर मात्र डोळा काढणंच बहुधा हिताचं ठरतं.

एका डोळ्याची नजर गेली तरी दुसरा काम भागवतो, म्हणून ते उशिरा कळतं. तेव्हा महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचून पाहा. चमक, सावली किंवा वाकडं दिसलं तर मोतीबिंदू समजून थांबू नका. आणि लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चकाकी दिसली, तर तो वेगळा कर्करोग असू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

विघ्नहर्ता सर्वांची दृष्टी सुखरूप ठेवो.