लाल दिवा आणि डिझेलचा डबा



ट्रॅक्टर बँकेच्या कर्जाचा असला तरी बिघाड आपल्याच अंगावर येतो. चावी फिरवली की किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागतो, इंजिन सुरू झाले की विझतो. काम चालू असताना तो पुन्हा लागला तर 'एवढं तास संपवतो' म्हणू नका. ऑईलचा दाब गेला आहे. तिथेच इंजिन बंद करा. बेअरिंग, क्रँक गेले तर कापसाचे पैसे त्यातच जातील. उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी थांबा, पण इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते.

डिझेल भरताना इंजिन बंद, बिडी बंद. कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापूस साठवलेल्या घरात भरू नका. टाकीत काडी पेटवून पाहू नका. पेट्रोल तर आणखी घातक. त्याची वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरकत ती चुलीपर्यंत पोचते. पंपावर पेट्रोलचा डबा ट्रॉलीत नव्हे, जमिनीवर ठेवूनच भरून घ्या. नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

भावाची लढाई आपण लढूच. पण पिकवलेले जळू न देणे आपल्याच हाती आहे. घरी गेल्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला हे दिवे दाखवा.